मोकळा कोपरा

चित्राचा कोपरा मोकळा ठेवायचा नाही, हे आमचे चित्रकलेचे मास्तर ट्रेनिंग कॉलेजात घसा फोडून सांगायचे. "कोपरा मोकळा राहिला म्हणजे विद्यार्थी झोपला!" मग आम्ही मुली त्या कोपऱ्यात काहीतरी घालायचो. पाखरू, ढग, नाहीतर चंद्र. माझा चंद्र फार छान यायचा आणि मला त्याचा भारी गर्व होता. त्या गर्वापायी मी एका बाईच्या जिवाला कसा घोर लावला, ते सांगते.

१९५७च्या जूनमध्ये माझी बदली पुण्याहून मुळशी भागातल्या पौडच्या शाळेत झाली. येताना ट्रंकेत दोन लुगडी कमी घातली, पण कार्डशीट, रंगांची पेटी, पाच-सहा बोरू आणि एक जाड चित्रवही घेतली. दिवाळीला नातेवाइकांना आणि संक्रांतीला मैत्रिणींना मी हातानं भेटकार्डं करून पाठवायची. बोरूनं काढलेली ठसठशीत अक्षरं, भोवती वेलबुट्टी, आत चार गोड ओळी. विकतची कार्डं पाठवणाऱ्या माणसांविषयी माझं मत चांगलं नव्हतं. अजूनही नाही.

मुळशीच्या पावसाळ्यात मात्र माझी सगळी हुशारी जिरली. कागद दमट होऊन लोळायचा, शाई फुटायची, रंग दोन-दोन दिवस ओला राहायचा. शेवटी मी चूल निवत आल्यावर तव्यावर कागद शेकायला लागले. शेजारच्या गोजराबाई एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाकरी कुटं हाय, बाई? का कागदच खाताय?"

श्रावणातल्या एका बाजारच्या दिवशी पावसाची सर आली म्हणून एक गरोदर बाई शाळेच्या ओसरीवर येऊन टेकली. नाव बायजा. वरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुळशीचा पाऊस मेंढ्यांना सोसत नाही, खूर सडतात. म्हणून तिचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन लांब शिरूरकडच्या कोरड्या रानात गेलेला. माझी चित्रवही उघडी पडली होती. ती तिनं बराच वेळ निरखली आणि मग कमरेच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं.

"ह्यो बगा, माझ्या मालकाचा कागद."

पत्ता कुणा शिकलेल्याच्या हातचा होता. शिरूरला सिद्धूची लोकर घेणारा दुकानदार, त्यानं लिहून दिलेला. पण मागच्या बाजूला एकही अक्षर नव्हतं. जांभळ्या पेन्सिलीनं काढलेलं एक झाड, इकडेतिकडे मेंढ्या आणि पायथ्याशी एक कुत्रं.

"छान आहे चित्र," मी शाळेतल्या बाईच्या सुरात म्हटलं.

"चितर न्हवं, बाई. कागद हाय." आणि तिनं तो मला वाचून दाखवला. "ही बाभूळ. फुललीया, म्हंजी तिकडं पाऊस झालाय. मेंढरं पांगल्यात, एका जागी गोळा न्हाईत. म्हंजी चारा पोटभर हाय. आन् कुत्रं निजलंय. कुत्रं निजलं म्हंजी समदं बरं. उबं असतं तर काळजी."

"हे सगळं ठरवलं कुणी?"

"त्येच्यात ठरवायचं काय?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "समदं बरं असल्याबिगर कुत्रं निजतंय व्हय?"

दुकानदार पत्ता लिहितोच, तर चार ओळी का नाही लिहून घेत, असं मी विचारलं. बायजा हसली.

"लिव्हलेलं तिकडं दुकानात चार जण वाचत्यात आन् हितं पोस्टात चार जण. ह्ये आमी दोगंच वाचतो."

त्यात तथ्य होतं. आमच्या पोस्टमन वाल्मीकनं नंतर माझ्याजवळ कबूल केलं की, ते कार्ड त्यानं धनगरवाड्यापर्यंतच्या सगळ्या चढणीवर उलटंसुलटं करून पाहिलं होतं आणि काडीचं कळलं नव्हतं. गावातली सगळी पत्रं वाचून मगच पोचवणारा माणूस तो. त्याला हे फार लागलं होतं.

मला तर वेडच लागलं. चौदा वर्षं मी अक्षरं गिरवत आले, आणि इथं दोन निरक्षर माणसं मला न येणारी लिपी वापरत होती! दर बाजाराला मी बायजाला गाठायची आणि प्रश्न विचारून हैराण करायची. चित्रवहीत पानांमागून पानं भरली. तळं निम्मं भरलेलं काढलं तर काय? बैलगाडी काढली तर? मी काढलेल्या मेंढ्या पाहून ती म्हणायची, "बाई, ही शेळी झाली." मी ती खोडून पुन्हा काढायची. आषाढात मी डोंगर नुसते हिरवे रंगवले होते, भाद्रपदात कुठलं गवत कुठवर वाढलं हे बघत रंगवू लागले. तेरडा कुठल्या उतारावर आधी फुलतो हेही मला तिनंच दाखवलं.

भाद्रपदाच्या अखेरीस तिला मुलगी झाली. दसरा झाल्यावर ती मुलीला झोळीत घालून माझ्याकडं आली.

"बाई, मला सुई चालती, पेन्सिल न्हाई. मी सांगते, तुमी काडा."

सिद्धूला काय कळवायचं ते तिनं आधी मला नीट समजावलं. दर वर्षी दिवाळी झाली की, त्यांचा सगळा वाडा, म्हणजे दहा-बारा घरांची मेंढरं एकत्र, माण गावावरून पौडला येतो. कार्तिकातल्या पंचमीला नदीकाठच्या उंबराखाली मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या वाटेनं कोकणात उतरतो. बायजानं तिथं जाऊन त्यांना मिळायचं हे सिद्धू निघतानाच ठरलं होतं. ती गाठ हुकली की तो चार-पाच महिने कोकणात आणि ही भावाच्या दारात. आणि बापानं तोंड पाहिल्याशिवाय लेकीचं नाव ठेवायचं नाही, असं तिनं धरलं होतं. पोर महिन्याची झाली तरी तिला सगळे नुसतं 'पोरी' म्हणत.

मी जीव ओतून कार्ड केलं. नदी, काठावर उंबर, उंबराखाली मेंढी. मेंढीजवळ कोकरू, आणि मुलगी झाली हे कळावं म्हणून कोकराच्या गळ्यात मण्यांची माळ. कडेला कुत्रं, निजलेलं. बायजानं कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"बास. मालकाला कळंल."

पोर रडायला लागली म्हणून ती घाईनं निघून गेली. मी बोरूनं शिरूरच्या दुकानाचा पत्ता घातला, 'सिद्धू धनगर यांस' हे जरा नक्षीदारच काढलं, आणि चित्र पुन्हा समोर धरलं. वरचा उजवा कोपरा मोकळा होता. अगदी भगभगीत मोकळा. मास्तरांचा आवाज माझ्या कानात घुमला. मी पिवळ्या रंगात थोडा पांढरा कालवला आणि पूर्ण वाटोळा चंद्र काढला. नदीत त्याचा उजेडही पाडला. ते माझं आजवरचं सगळ्यात देखणं कार्ड झालं. वाल्मीकसुद्धा "वा, बाई!" म्हणाला.

दिवाळी झाली. पंचमीला दुपारी मी तिसरीला पाढे म्हणायला लावले होते, तेवढ्यात बायजा सरळ वर्गात आली. पोर छातीशी, केस विस्कटलेले.

"बाई, तुमी माझ्या कागदावर चांद काडला?"

"हो," मी म्हटलं, आणि कबूल करायला लाज वाटते, पण जरा मिरवतच म्हटलं. "कोपरा रिकामा दिसत होता."

ती मुलांच्या बाकावर बसली. "रिकामाच ठिवायचा व्हता तो. कोपरा मोकळा म्हंजी ठरल्यापरमानं. चांद काडला तर त्या चांदाला भेटायचं. तुमी पुनवंचा काडलाय."

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की, सगळा वर्ग चिडीचूप झाला. खरं तर मला स्वतःवरच ओरडायचं होतं.

वाडा त्या सकाळी उंबराखाली आला होता, पण सिद्धू त्यात नव्हता. त्याचा धाकटा भाऊ नाथा बायजाला म्हणाला, "वैनी, तूच चांद धाडलास न्हवं? बाळंतिणीला अजून चालवत नसंल, म्हनून दादा चाकणच्या अलीकडं मागं राह्यला." वाडा कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ताम्हिणीच्या वाटेला लागणार होता.

"मी पत्र टाकते," मी म्हटलं. "तार करते!"

"कुटं करताय? तो रानात हाय," बायजा म्हणाली आणि उठून गेली.

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे दहा दिवस ती रोज त्या उंबराखाली बसली. न जाणो, आधीच आला तर! शाळा सुटली की मी भाकरी आणि पिठलं घेऊन जायची, तिच्याशेजारी बसायची. पोरीला मांडीवर घ्यायची. चित्रवही मी घरीच ठेवत होते. आठव्या दिवशी बायजा आपणहून बोलली.

"बाई, कोपरा मोकळा असला तर तुमास्नी काय हुतंय?"

"वाटतं, काहीतरी सांगायचं राहिलं."

तिनं पोरीवरचं पांघरूण सारखं केलं. "आमास्नी वाटतं, सांगून झालं."

त्रिपुरी पौर्णिमेला दिवस मावळतीला कलला तेव्हा माणच्या बाजूनं धूळ दिसली. पुढं मेंढरं, मागं एक उंच माणूस, खांद्यावर घोंगडी. बायजा उठली नाही. सिद्धूनंच येऊन पोर उचलली आणि तोंडाजवळ धरून वास घेतला. मी बाजूला उभी राहून त्या कळपात कुत्रं शोधत होते. इतके महिने मी ते कागदावर काढलं होतं, मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. कुत्रं कुठंच नव्हतं.

"कुत्रं?" बायजानंही तेच विचारलं.

"लांडगा आला व्हता. परवा पहाटं." सिद्धूनं पोरीवरची नजर काढली नाही. "वाडा संगं असता तर धा कुत्री असती. एकलं किती पुरं पडंल? मेंढरं वाचवली त्येनं."

"चंद्र मी काढला होता," मी म्हटलं. "बायजानं नाही. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं." मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. कुणा परक्याच्या कुत्र्यासाठी मी अशी रडेन, असं पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सिद्धूनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "चांद झ्याक व्हता, बाई," तो म्हणाला. "लई झ्याक व्हता. म्हनून तर इश्वास बसला."

मला वाटलं होतं, आता पोरीचं नाव पुनवेवरून काहीतरी ठेवतील. पुस्तकात तसंच झालं असतं. त्यांनी सिद्धूच्या आईचं नाव ठेवलं, बानू. ते आधीपासूनच ठरलेलं होतं. उजाडताना तिघं ताम्हिणीकडं निघून गेली, आणि मी शाळेची घंटा द्यायला परत आले.

संक्रांतीला मी नेहमीप्रमाणं कार्डं केली. थंडीत कागद कडक होतो, बोरू सुरेख चालतो. अक्षरं तीच काढली, वेलबुट्टी काढली, पण वरचा उजवा कोपरा सगळ्या कार्डांवर मोकळा ठेवला. बहिणीनं पुण्याहून उलट टपाली विचारलं, रंग संपले का, पाठवू का?

त्याच आठवड्यात वाल्मीक दारात आला. "बाई, आता तुमचा बी बिनअक्षराचा कागद आला बरं का," तो म्हणाला आणि जायचं नाव घेईना.

पत्ता कुणीतरी लिहून दिला होता : लीलाबाई, शाळा, पौड. मागं तीच जांभळी पेन्सिल. कापणी झालेली भातखाचरं, त्यांत पांगलेली मेंढरं. मेंढीला टेकून माळवालं कोकरू, आता चार पायांवर उभं. आणि त्यांच्या पायाशी एवढंसं कुत्र्याचं पिल्लू, नाक पोटात खुपसून गाढ निजलेलं. वरचा कोपरा मोकळा होता.

"काय लिव्हलंय?" वाल्मीकनं मान पुढं काढून विचारलं.

"तुझ्यासाठी नाहीये ते," मी म्हटलं, आणि डोळे पुसायला आत गेले.