मोगरा गल्ली, घर क्रमांक सात

खारी गावाच्या मागे खाडीकाठच्या खाजणात सदतीस घरं आहेत आणि ती सगळी एकाच वर्षी बांधली गेली, पंच्याण्णव साली. निदान वाडीत कुणालाही विचारलं तर हेच उत्तर मिळायचं. जनगणनेचा माणूस आला, पोलिओचे थेंब घेऊन ताई आल्या, मतं मागायला दादा आले. कुणीही घर कधीचं म्हणून विचारलं की आतून आवाज यायचा, पंच्याण्णव. दोन हजारच्या आधीचं घर पात्र, नंतरचं अपात्र. पात्र घर पाडलं तर बदल्यात दुसरं मिळतं. अपात्र घर नुसतंच पाडतात. हे वाडीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. खरं-खोटं तपासायला कधी कुणी आलं नाही, कारण वाडीत शिरायला पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागते आणि तपासणाऱ्यांच्या पॅन्टींना इस्त्री असते.

वाडीतली वीसेक मुलं जवळच्या मराठी शाळेत जात. सातवीच्या वर्गशिक्षिका सुचेताबाई नाटेकर. लालबागची खोली विकून मीरा रोडच्या वन बीएचकेत आलेलं कुटुंब, नवरा बँकेत, स्वतःची चौदा वर्षं नोकरी. स्वभावात एकच गंभीर दोष होता. सांगितलेलं काम त्या मनापासून करत.

त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. विषय, प्रकल्पाधारित अध्ययनात तंत्रज्ञानाचा वापर. काशीमीऱ्याला हायवेलगतच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पाच दिवस, साठ शिक्षक. पहिल्या दिवशी स्टेजवर आदल्या दिवशीच्या साखरपुड्याची फुलं होती आणि प्रोजेक्टर चालू होत नव्हता. म्हणून प्रशिक्षक क्षितिजा मॅडमनी हॉटेलचा मेनू लिहायचा फळा पुसून घेतला आणि तंत्रज्ञानाचं महत्त्व खडूने समजावलं.

क्षितिजा मॅडम पुण्याच्या. उत्साही, हसऱ्या, चांगल्या बाई. मुलांनी पुस्तकातलं उतरवू नये, आपल्या परिसरातला खरा प्रश्न घ्यावा, फोन घेऊन बाहेर पडावं, मोजावं, विचारावं, नकाशावर टाकावं, असं त्या सांगत होत्या. तेव्हा एकोणसाठ शिक्षक आपापल्या फोनवर तंत्रज्ञानाचा वापर करतच होते. सुचेताबाईंनी मात्र वही भरली. त्यातलं एक वाक्य दोनदा अधोरेखित केलं: एकाच ठिकाणच्या माहितीवर विसंबू नका, दुसऱ्याकडून पडताळून घ्या.

परत आल्यावर त्यांनी सातवीला प्रकल्प दिला, 'आपली वाडी'. मुलं खूश झाली. शाळेच्या वेळेत शाळेबाहेर जायचं आणि घरच्यांचा फोन हक्काने मागायचा, याहून मोठं शिक्षण कोणतं? गटप्रमुख झाली दुर्गा शिगवण. हिचा बाप राघो काशीमीऱ्याच्या गोदामात माल चढवतो, आई टॉवरमध्ये तीन घरचं काम करते. मूळ गाव म्हसळ्याकडचं. दुर्गा बारा वर्षांची, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ त्याहून टोकदार.

वाडीच्या गल्ल्यांना नावंच नव्हती. मुलांनी ती दिली: मोगरा, शेवंती, अबोली. प्रत्येक दारावर खडूने आकडा घातला. दुर्गाचं घर मोगरा गल्ली, क्रमांक सात. फोन दाराशी धरला की प्रशिक्षणात दिलेल्या ॲपमध्ये नकाशावर एक टिंब उमटायचं आणि त्याच्यासमोर माहिती भरायची: माणसं किती, पाणी कुठून येतं, संडास किती पावलांवर, घर कधी बांधलं. शेवटचा प्रश्न सुचेताबाईंचा नव्हता. ॲपमधल्या नमुना फॉर्ममध्ये तो आधीपासून होता आणि लाल चांदणीचा होता. लाल चांदणीचा प्रश्न रिकामा सोडला तर ॲप पुढे सरकत नाही.

सोमवारी माहिती आली. सुचेताबाईंनी बांधकामाच्या वर्षाचा आलेख काढायचं बटण दाबलं. एकच खांब उभा राहिला, सदतीस उंचीचा. बाकी सगळं मोकळं रान.

आता सरकारी कागद पाहिलेल्या कुणालाही त्या खांबाचा अर्थ कळला असता. पण सुचेताबाई शिक्षिका होत्या. चौदा वर्षांत सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं की त्याला एकच कारण असतं, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

"कुणाचं बघून लिहिलं?" त्यांनी विचारलं.

दुर्गा म्हणाली, नाय बाई, सगळ्यांनी तेच सांगितलं. सदतीस घरं एकाच वर्षी कशी होतील, असं बाईंनी विचारल्यावर ती गप्प झाली. ते कसं होतं ते तिला नीट माहीत होतं. पण बाहेरच्यांना सांगायचं नसतं, हेही माहीत होतं. सुचेताबाईंना ते गप्प बसणं चोरीचं वाटलं. त्यांनी पूर्ण वर्गाला परत पाठवलं. या खेपेला आजी-आजोबांना विचारायचं, म्हातारी माणसं कशाला खोटं बोलतील; एकाचं उत्तर दुसऱ्याकडून पडताळायचं; आणि व्हिडिओ काढायचा, म्हणजे कॉपीला जागा नाही. कुणी बिचकलं तर सांगायचं, हे फक्त शाळेसाठी आहे.

या शेवटच्या वाक्याने सदतीस दारं उघडली. शाळेसाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? आणि खरं सांगायची परवानगी वाडीला बऱ्याच वर्षांनी मिळत होती. म्हातारे सरसावून बसले. कुणी वरसाव्याहून डेब्रिजचे ट्रक आणून चिखल कसा बुजवला ते सांगितलं, कुणी भरतीचं पाणी चुलीत कसं आलं ते. दुर्गाची आजी सुलू पदर सावरून फोनपुढे बसली आणि म्हणाली, "तू झालीस त्या साली. तुला फडक्यात गुंडाळून ठेवलेली कडेला, आन् तुझा बाप पत्रं ठोकीत व्हता." दुर्गाने शेजारच्या बाबाजींकडून पडताळून घेतलं. बाबाजी म्हणाले, बरोबर, बारा साल, पत्रे मीच धरले होते.

या खेपेला आलेख सुंदर आला. दोन हजार तीनपासून चौदापर्यंत रंगीत खांब, चढते-उतरते, एखाद्या शहराच्या प्रगतीसारखे. सुचेताबाईंनी वर्गासमोर दुर्गाची पाठ थोपटली आणि प्रकल्प ॲपवर चढवला. कुणाकुणाला दिसावा, असं ॲपने विचारलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की समाजातल्या सर्व घटकांना सहभागी करून घ्या. त्यांनी सगळ्या चौकटींत टिक केली.

मुख्याध्यापक ईश्वर म्हात्रे खारीचेच. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "बाय, ह्यो साल कशाला टाकलाव?" लाल चांदणी होती, असं सुचेताबाईंनी सांगितलं. सरांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. तोवर ॲपवरच्या स्पर्धेत शाळेचा प्रकल्प पहिला आल्याचा मेसेज येऊन गेला होता आणि शाळेला याआधीचं बक्षीस लेझीमचं होतं, एकोणीस वर्षांपूर्वीचं.

बक्षीस द्यायला एका कार्यालयाचे साहेब आले. त्यांनी दुर्गाचं सादरीकरण शेवटपर्यंत ऐकलं. पाहुण्यांनी असं ऐकलेलं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. मधे त्यांनी विचारलं, बाळ, ही वर्षं नक्की का? दुर्गा म्हणाली, दोघांदोघांकडून पडताळलीत सर, व्हिडिओ आहेत. टाळ्या झाल्या. भाषणात साहेब म्हणाले, असा नकाशा आमच्या कार्यालयाकडेसुद्धा नाही. लोकांना ते कौतुक वाटलं. ती माहिती होती.

नोटिसा सहा आठवड्यांनी आल्या. त्याआधी अशी नोटीस यायची ती 'खाजणातील झोपडीधारक' या नावाने, आणि पोस्टमन ती वडाला चिकटवून जायचा. या वेळी प्रत्येकाची वेगळी होती आणि बिनचूक दारात आली. राघो शिगवण, मोगरा गल्ली, घर क्रमांक सात. बांधकामाचं वर्ष दोन हजार बारा, सबब अपात्र. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे.

दुर्गा ती नोटीस घेऊन शाळेत आली. ती सरकारी कागदावर आपल्याच गल्लीचं नाव वाचत होती. तिने काही विचारलं नाही, नुसती बाईंच्या टेबलावर ठेवली. सुचेताबाईंनी ती वाचली आणि पहिला सदतीस उंचीचा खांब त्यांना तेव्हा समजला.

त्यांनी क्षितिजा मॅडमना फोन लावला. प्रकल्प मागे घेता येईल का, निदान वर्षाचा रकाना? मॅडमना खरंच वाईट वाटलं. पण सादर झालेली माहिती गोठते, असं त्या म्हणाल्या. आणि राज्यभरातल्या प्रशिक्षणात आता हाच प्रकल्प नमुना म्हणून दाखवतात, हेही त्यांनी सांगितलं, धीर यावा म्हणून. म्हात्रे सर म्हणाले, तुम्ही सुनावणीला जाऊ नका, तुमचं तिथे काही काम नाही. सुचेताबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सुनावणीच्या खोलीत साहेब तेच होते. त्यांनी बाईंना ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. समोर राघो उभा, त्याच्यामागे त्याची बायको, तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशात दुर्गा. बाकीची वाडी जिन्यात.

सुचेताबाई उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तयारी करून खोटं सांगितलं. प्रकल्प बनावट आहे. मुलांनी वाडीत काही विचारलंच नाही, मनाने आकडे टाकले. आलेख चांगला दिसावा म्हणून मी चालवून घेतलं. घरं पंच्याण्णवचीच आहेत.

साहेबांनी लिहून घेतलं. मग दुर्गाकडे वळून अगदी मायेने विचारलं, "बाळ, तुझ्या बाई म्हणतात तू सगळं खोटं लिहिलंस. व्हिडिओत आजीने काय बोलायचं तेही तूच सांगितलं होतंस का?"

दुर्गाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. वर्गात बरोबर उत्तराला हलवायच्या, तशीच.

"हो," दुर्गा म्हणाली. "आजीला मी शिकवलं. सगळ्यांना मीच शिकवलं. मी कॉपी करते नेहमी."

राघोने डोळे मिटून घेतले होते. पोर इतकं चांगलं खोटं बोलते, हे त्याला माहीत नव्हतं, तिलाही नसावं.

साहेबांनी तेही लिहिलं. मग फाईल उलटी करून बाईंपुढे सरकवली. आत राघोच्या घराच्या जागेचे आकाशातून घेतलेले फोटो होते, एकाखाली एक, वर्षावर्षाचे. दोन हजार अकराचा होता त्यात खाजण, तिवरं आणि पाण्याची एक वाकडी रेघ. तेराच्या फोटोत तिथे पत्र्याचा एक लखलखीत चौकोन.

"मुलांच्या शब्दावर कुणाचं घर पाडू का आम्ही, मॅडम?" साहेब म्हणाले. "हे फोटो कपाटात कधीचे होते. सगळं खाजण चाळायला माणसं कुठून आणणार? कुठे बघायचं, तेवढं तुमच्या मुलांनी सांगितलं." त्यांनी खाली सही केली आणि चहा गार होतोय म्हणाले.

निकाल तिथेच झाला. सदतीसही अपात्र, महिन्याची मुदत. बनावट प्रकल्पाबद्दल शिक्षिकेचा जबाब शिक्षण विभागाकडे पाठवावा, असा शेराही मारला. त्याप्रमाणे पुढे बक्षीस परत गेलं, प्रमाणपत्र रद्द झालं आणि सुचेताबाईंना त्याच काशीमीऱ्याच्या हॉलमध्ये पुन्हा पाच दिवस प्रशिक्षण लागलं. पण ते नंतर.

जिना उतरून सगळे खाली आले. वाडीतली माणसं बाईंच्या बाजूने गेली, काही बोलली नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. पण आपल्याकडे शिक्षिकेला शिव्या देत नाहीत. राघो बिडी ओढायला टपरीमागे गेला. दुर्गाची आई मात्र थांबली.

तिने आधी विचारलं, शाळेचा दाखला किती दिवसांत मिळतो. नायगावला तिच्या भावाकडे जागा बघतायत. नाय जमलं तर म्हसळा. तिथल्या शाळेत वर्षाच्या मधे घेतात का, हे पण विचारलं. सुचेताबाई म्हणाल्या, दाखला उद्या देते, तिथल्या बाईंना चिठ्ठी पण देते.

"चिठ्ठी नको," ती म्हणाली. दुर्गा आईचा पदर धरून उभी होती, बारा वर्षांची मुलगी धरत नाही तसा.

"बाई, दाखल्यावर वागणुकीचा रकाना असतो ना. त्यात चांगली लिवा. वरती साहेबांच्या कागदात ती खोटारडी म्हणून लिवलीये. नव्या शाळेत तो कागद गेला तर?"

तो कागद शाळेत जात नाही, असं सुचेताबाईंनी तिला सांगितलं. हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. पडताळायला दुसरं कुणी तिथे नव्हतं.

"आन् ती नेहमी कॉपी करते ते पण लिवू नका," आई म्हणाली. "ती नाय करत."

"मला माहितीये," सुचेताबाई म्हणाल्या.

दुर्गाने पदर सोडला. "कुणाचं बघून लिहिलं विचारलंत, तेव्हा पण माहिती होतं?" तिने विचारलं.