हॅलरनची हुर्यो

क्लेमने डोक्यावरची निळी-पांढरी टोपी काढून गाडीच्या सीटखाली कोंबली आणि बागकामाची मळकी टोपी कानापर्यंत खाली ओढली. गाडी त्याने मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडे लावली होती. मागच्या काचेवर मेरीबँक क्लबचा स्टिकर होता, आणि तो खरवडून काढणे त्याच्या जिवावर आले होते. चालत मैदानापाशी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला. डिसेंबर म्हणजे इथला ऐन उन्हाळा; उत्तरेचा वारा भट्टीचे दार उघडल्यासारखा तोंडावर येत होता आणि माश्या हटता हटत नव्हत्या.

या मैदानात तो आजवर वीस-पंचवीस वेळा तरी आला असेल, पण दर वेळी शत्रू म्हणून, आपल्या माणसांच्या घोळक्यात, घसा बसेपर्यंत ओरडायला. मेरीबँक आणि हॅलरन ही मेलबर्नची दोन शेजारची उपनगरे. मध्ये फक्त एक नदी, पण दोघांच्या फुटबॉल क्लबांमधून विस्तव जात नसे. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातांनी झेलायचा आणि पायाने उंच खांबांमधून मारायचा. क्लेमच्या बापाने अर्ध्या किमतीत मिळणारी चांगली मोटार केवळ तिचा रंग हॅलरनसारखा तांबडा होता म्हणून सोडून दिली होती. त्या बापाचा मुलगा आज तांबड्या टोप्यांच्या रांगेत, कुंपणाच्या पत्र्यावर कोपरे टेकून मुकाट उभा राहिला.

"सरका थोडं. ही स्टेलिओसची जागा आहे," शेजारच्या बाईने सांगितले. "नाहीतर असू द्या. तो नाजूक आहे, मावेल."

बाई सत्तरीची असेल. घडीच्या स्टुलावर ताठ बसली होती, पायाशी थर्मास, मांडीवर जाड वही. नाव वेल्मा. नाजूक स्टेलिओस दोन्ही हातांत सॉसेज रोल घेऊन आला तेव्हा त्याच्या पोटाने कुंपणाची दोन माणसांची जागा व्यापली.

"नवीन दिसताय," तो क्लेमला म्हणाला. "सांभाळून बोला बरं का. ही बाई एकतीस वर्षं नव्या पोरांना मार्क देतेय. हात, पाय, छाती. दहापैकी. पहिल्याच सरावाला."

"आणि चुकत नाही," वेल्मा म्हणाली.

"बर्नी कॉस्टिगनला तीन दिलेस. तो आपला कप्तान झाला."

"तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला होता."

मैदानावर शिट्टी वाजली आणि या वर्षीची पाच नवी पोरे धावत बाहेर आली. क्लेमचे डोळे लगेच शेवटच्यावर गेले. अडतीस नंबर. बारीक मान, बाहेरच्या बाजूला पडणारा उजवा पाय, आणि अंगात तो तांबडा रंग. क्लेमने नजर वळवली. पोरावरून वळवली की रंगावरून, हे त्याचे त्यालाच कळेना.

फ्लिन. त्याच्या मुलीचा, ट्रूडीचा मुलगा. एकोणीस दिवस आजोबा-नातवात एक शब्द नव्हता.

वेल्माने वही उघडली. पहिल्या पोराने झेल घेतला आणि ती म्हणाली, "हा चेंडूकडे बघतच नाही. कॅमेरा कुठं आहे ते बघतो." दुसरा सहा फूट आठ इंच होता. "नुसती शिडी आहे. हिच्यावर चढणार कोण?" तिसऱ्याला तिने काही न बोलता सात मार्क दिले, तेव्हा स्टेलिओसने आदराने सॉसेज रोल खाणे थांबवले.

"आणि तो अडतीस?" क्लेमने शक्य तितक्या सहज विचारले.

"तो? तो हुर्योवाला!" स्टेलिओस मोठ्याने हसला. "तुम्ही बघितलं नाहीत? अख्ख्या शहराने बघितलंय. थांबा."

बोटे पँटला पुसून त्याने फोन काढला. क्लेमला नको म्हणायचे होते. पण नको का, हे सांगावे लागले असते.

ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, त्या संध्याकाळचे चित्रण त्याने अजून कुठेही पाहिले नव्हते. क्लब पाळीपाळीने अठरा-एकोणीस वर्षांची पोरे उचलतात. पोराला कोणी विचारत नाही. ट्रूडीच्या गावच्या घरी सगळे जमले होते, टीव्हीवाल्यांचा एक कॅमेराही आला होता. दोन तास झाले, पंचेचाळीस नावे झाली, फ्लिनचे नाव येईना. फ्लिनची आजी हयात असती तर तिने देवाला हात जोडले असते. क्लेम नुसता टीव्हीकडे डोळे लावून बसला होता. मग निवेदक म्हणाला, "हॅलरन क्लब निवडत आहे..." आणि क्लेमच्या पोटातून हुर्यो निघाली. ती त्याने काढली नाही, ती निघाली. साठ वर्षे हे नाव कानावर पडले की तो हुर्यो उडवत आला होता, तशीच. आणि ती संपायच्या आत निवेदकाने पुढचे दोन शब्द उच्चारले होते: फ्लिन डूलन.

फोनवर क्लेमचा चेहरा नव्हता. निळ्या-पांढऱ्या बाहीचा एक हात होता आणि तो आवाज होता, लांबलचक, जाड, घशाच्या तळातून आलेला. कॅमेरा फ्लिनवर होता. नाव ऐकून पोराचा चेहरा उजळत होता. अर्ध्यावर उजळला आणि त्याने मान वळवली, त्या बाहीच्या दिशेने. मग चेहरा तसाच राहिला. तोंड किंचित उघडे, जसे लहानपणी पायरीवरून पडल्यावर रडायच्या आधी असायचे.

क्लेमला धक्का बसला तो इथे. त्या संध्याकाळी त्याने पोराचा चेहरा पाहिलाच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता. आपण मध्येच थांबलो असे एकोणीस दिवस त्याने स्वतःला समजावले होते, पण फोन खोटे बोलत नव्हता. पोराचे नाव संपल्यावरही आवाज चालूच होता, चांगला दोन सेकंद. त्याने पत्र्याची कड घट्ट धरली. ती उन्हाने तापली होती, तरी सोडली नाही.

"सख्खा आजोबा, बरं का," स्टेलिओस म्हणाला. "मेरीबँकवाला. दुसरं कोण असणार! रक्तातच पाणी यांच्या."

"त्याला तसं म्हणायचं नसेल," क्लेम म्हणाला.

"मग कसं म्हणायचं होतं?" वेल्माने वहीतून मान वर न काढता विचारले.

क्लेमने टोपी आणखी खाली ओढली.

"मी त्या माणसाची वाट बघतेय," ती म्हणाली. "आज ना उद्या येईल इथं. नातू आहे, जाईल कुठं?"

"आला तर काय सांगाल?"

"ते आल्यावर ठरवीन."

तेवढ्यात मैदानावर फ्लिनने वाऱ्याविरुद्ध पळत एक अवघड झेल घेतला, आपटला, पण चेंडू सोडला नाही. वेल्माची पेन्सिल हलली. हात, आठ. छाती, आठ. क्लेमने तिरक्या नजरेने आकडे वाचले आणि त्याला हायसे वाटले. मग स्वतःचीच लाज वाटली, की हॅलरनच्या बाईचे मार्क आपण असे चोरून बघतो आहोत.

"एका वर्षाचा करार आहे त्याचा," स्टेलिओस म्हणाला. "रूकी यादीतला, म्हणजे नवशिक्यांतला, शेवटचा. उन्हाळ्यात काही दाखवलं नाही तर परत गावाला."

सरावाची शेवटची पंधरा मिनिटे गोलची होती. एकेका पोराला कुंपणाजवळून, तिरक्या कोनातून, मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारायचा होता. फ्लिनची पाळी आली तसे कुंपण गप्प झाले. हॅलरनची ही जुनी रीत, स्वतःच्या खेळाडूला कोणी किकच्या वेळी आवाज द्यायचा नाही. एकही टोपी हलेना.

पहिला चेंडू डावीकडे गेला. दुसरा त्याहून डावीकडे. तिसरा पायावर नीट बसलाच नाही, गवतावरून लोळत गेला. प्रशिक्षकाने कमरेवर हात ठेवले.

"अरेरे," स्टेलिओस कुजबुजला. "शेवटी पायाने घात केला."

वेल्माने 'पाय' लिहिले आणि पुढे तीनचा आकडा काढू लागली.

"पाय चांगला आहे त्याचा," क्लेम म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा आला. "त्याला शांतता सोसत नाही."

"काय?" वेल्माने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले.

काय सांगणार? फ्लिन आठ वर्षांचा असल्यापासून ट्रूडीच्या घरामागच्या माळावर क्लेम गोलच्या मागे उभा राहायचा, कचऱ्याच्या डब्याचे झाकण बडवायचा आणि ओरडून ओरडून पोराची हुर्यो उडवायचा. उद्या मेरीबँककडून खेळशील तेव्हा हॅलरनची माणसे अशीच ओरडतील, आतापासून सवय कर. "इतके वाईट असतात का हो आजोबा ते?" पोराने एकदा विचारले होते. "याहून वाईट," क्लेमने सांगितले होते. मग पोर कानामागे हात धरून उभे राहायचे, ऐकू येत नाही, अजून मोठ्याने, अशी खूण करायचे आणि हसत हसत चेंडू खांबांच्या मधून काढायचे. दर रविवारी, आठ वर्षे. गोंगाटाशिवाय त्याने कधी गोल मारलाच नव्हता. ही खोड आजोबाने लावलेली, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होते.

फ्लिनने चौथा चेंडू हातात घेतला. त्याच्या खांद्यांकडे बघूनच क्लेमला कळले की हाही चुकणार.

त्याने मळकी टोपी काढली, छाती भरून घेतली आणि हुर्यो उडवली.

सगळ्या कुंपणाने दचकून माना वळवल्या. स्टेलिओसच्या हातातला रोल खाली पडला. "तो आवाज," तो म्हणाला, "वेल्मा, तोच आवाज! हाच तो!" मागून कोणीतरी शिवी हासडली. एकाने क्लेमची बाही धरली. क्लेमला त्यांचे काही नव्हते. तो फक्त अडतीस नंबरच्या पाठीकडे बघत होता.

पाठ थिजली होती. पोराने वळून पाहिले नाही. बराच वेळ तो चेंडूवरच्या शिवणीकडे बघत राहिला. मग त्याने चेंडू पोटावरच्या तांबड्या कापडाला पुसला, सात पावले धावला आणि मारला. चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला, पलीकडच्या जाळीवर आदळला.

कोणी टाळी वाजवली नाही. काय झाले तेच कोणाला कळेना.

"तुम्हीच होय," वेल्मा म्हणाली. बाही धरणाऱ्याला तिने नजरेनेच दूर केले. "एकोणीस दिवस लावलेत."

"मी..." क्लेमने सुरुवात केली.

मैदानावर फ्लिनने पाचवा चेंडू उचलला. तो दहा पावले मागे गेला, आणखी मागे, जिथून मोठे खेळाडूही टाळाटाळ करतात तिथपर्यंत. प्रशिक्षकाने हाताने पुढे ये म्हणून सांगितले; तो हलला नाही. चेंडू एका काखेत मारून उभा राहिला. मारेना. वळून बघेनाही. मग त्याचा दुसरा हात सावकाश वर गेला आणि कानामागे थांबला.

"हे काय नवीन?" स्टेलिओस म्हणाला.

क्लेमने तोंड उघडले. आवाज निघाला नाही. साठ वर्षे न मागता निघत आलेली ती हुर्यो आज मागूनही येईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली आणि डोळ्यांतून पाणी आले. पोर कानामागे हात धरून उन्हात उभेच होते.

वेल्माने एकदा क्लेमकडे पाहिले, एकदा त्या हाताकडे. वही बंद केली. स्टुलावरून उठायला तिला दोन झटके लागले.

"पोरगा आता आमचा आहे," ती म्हणाली. "त्याला जे लागतं ते आम्ही देऊ."

आणि तिने दोन्ही हातांचा कर्णा करून हुर्यो उडवली. आवाज चिरका होता, पण पल्ला मोठा होता. स्टेलिओस तिच्याकडे आ वासून बघत राहिला. आपल्या माणसाची हुर्यो? या कुंपणावर? मग त्यानेही मान हलवली आणि तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला. पलीकडचा कोणीतरी ओरडला, मग त्याच्या शेजारचा, मग तांबड्या टोप्यांची सगळी रांग. प्रशिक्षक गर्रकन वळला, त्याची शिट्टी तोंडातून गळून दोरीला लोंबली. बाकीची चार पोरे भांबावून एकमेकांकडे बघू लागली.

क्लेमने दोन्ही तळहातांनी कुंपणाचा तापलेला पत्रा बडवायला सुरुवात केली.

फ्लिनने कानामागचा हात काढला आणि धावायला लागला.