आधी फोनवर बोला

पडदे शिवणाऱ्यांच्या त्या घरात फोन कुणा एकाचा नसे. वाजला की तो कापायच्या टेबलावर मधोमध यायचा, स्पीकर चालू व्हायचा आणि सगळं घर गिऱ्हाइकावर तुटून पडायचं. नवरा खिडकीचं माप विचारायचा, नणंद कापड सुचवायची, सासू भाव पाडू द्यायची नाही. चुण्या किती घ्यायच्या ते सून सांगायची, कारण शिवायचं तिलाच असायचं. दुकान सासूच्या नावावर होतं. त्यामुळे फोनवर कुणी नाव विचारलं तर ज्याने त्याने सासूचंच सांगायचं, उगाच बिलात घोळ नको. लग्न होऊन आली तेव्हाच सुनेला हे शिकवलं होतं, आणि ती शिकली होती.

अलीकडे सून बिनसली होती. घरच्यांच्या भाषेत, नखरे करत होती. दोरा न ओवताच मशीन चालवत बसायची. ताट पुढ्यात घेऊन रडायची. एकदा तिने अख्ख्या हॉलचे पडदे अस्तर बाहेर ठेवून शिवले, तेव्हा मात्र घर हादरलं. कापड भारीतलं होतं.

"अहो, मला डॉक्टरांना दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मनाच्या."

नवरा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर निदान तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. तो लगेच तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे मनाची डॉक्टर एकच होती आणि रांग मारुतीच्या शेपटीसारखी. म्हणून पाटी लावलेली: आधी फोनवर बोला. फोनमध्ये एआयची बाई होती. ती चौकशी करायची, धीर द्यायची आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं तेही तीच ठरवायची.

"नाव पेशंटचंच सांगा आणि एकांतात बोला," खिडकीतला कारकून म्हणाला.

नवऱ्याने मान डोलावली. घरी येऊन त्याने फोन कापायच्या टेबलावर ठेवला. नाव मात्र सुनेचंच सांगितलं. अर्धी आज्ञा तरी पाळली.

"तुम्ही बोलायला आलात, बरं वाटलं," बाई म्हणाली. "झोप कशी लागते?"

"अगंबाई, किती गोड बोलते ही!" नणंद म्हणाली.

"झोप लागत नाही," सून म्हणाली.

"पडली की घोरते," सासू म्हणाली.

"कामामुळे उशीर होतो, एवढंच," नवऱ्याने मिटवून टाकलं.

"भूक लागते का?"

"दोनदा वाढून घेते की!" ही नणंद.

"कुणाशी मोकळं बोलता येतं?"

"घरात सगळी मोकळीच माणसं आहेत," सासू म्हणाली.

"तुम्ही आत्ता एकट्या आहात का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हो," तिघंही म्हणाले.

बाई हुशार होती, पण एकटी असलेली बाई तीन आवाजांत 'हो' म्हणेल, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने सुनेचं कौतुक केलं, दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं. डॉक्टरांची सध्या गरज नाही, म्हणाली. गिऱ्हाईक पटल्यावर घरात जो आनंद व्हायचा, तोच झाला. सासूने हुश्श केलं. सून उठून मशीनवर बसली.

मग एका दुपारी बाकीचे तिघं गिऱ्हाइकाकडे पडदे लावायला गेले, आणि फोन चुकून घरी राहिला. सुनेने तो उचलला, दवाखान्याचा नंबर लावला आणि कापडाच्या ताग्यांमागे जमिनीवर बसली. या वेळी ती बोलली. सकाळी डोळे उघडले की कशाला उघडले असं वाटतं, म्हणाली. रोज वाटतं की हे सगळं संपावं, म्हणाली. आपल्या रडण्याचीसुद्धा आपल्याला लाज वाटते, म्हणाली. बाईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. इतकं पूर्ण वाक्य बोलायला तिला कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं, आणि मला त्या बाईचा राग येत असूनही हे श्रेय तिच्या पदरात टाकावंच लागतं.

"तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. तुम्हाला डॉक्टरांना लगेच भेटायला हवं. तुमचं नाव?"

सुनेच्या तोंडून सासूचं नाव गेलं. फोनवर तिने दुसरं नाव कधी घेतलंच नव्हतं.

तिने जीभ चावली. "थांबा, थांबा. ती मी नाही."

"अशा काळात आपण आपले नाही, असं वाटू शकतं," बाई मायेने म्हणाली. "काळजी करू नका. नोंद झाली आहे."

संध्याकाळी फोनवर निरोप आला. सासूला डॉक्टरांनी तातडीने बोलावलं होतं. आधी सासू भडकली. मग तिने निरोप पुन्हा वाचायला लावला. मग तिचे डोळे भरून आले.

"बघ," ती मुलाला म्हणाली, "पोटच्या पोराला कळलं नाही, ते त्या बाईला कळलं."

"आई, ते मी बोलले होते," सून म्हणाली. "दुपारी. नाव चुकलं माझं."

"तुझं झालं ना वहिनी," नणंद म्हणाली. "तू ठीक निघालीस. आता आईच्या वेळेला तरी मध्ये मध्ये करू नकोस."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो आईचे पाय चेपत होता.

दवाखान्यात सासू मनसोक्त रडली. कंबर, गुडघे, मेलेला नवरा, मुलीचं न जमलेलं लग्न, सगळं बाहेर आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर थकलेली होती. समोर संगणकाच्या पडद्यावर ताग्यांमागची वाक्यं होती आणि खुर्चीत रडणारी म्हातारी. तिने दोन्हींची सांगड घातली. गोळ्या लिहिल्या, काम बंद करायला सांगितलं आणि सुनेला आत बोलावलं.

"यांना एक क्षणही एकटं सोडू नका. रात्री जवळ झोपा. त्यांची कामं तुम्ही उचला, आणि त्यांच्यासमोर कुणी रडायचं नाही. जमेल ना? तुम्ही स्वतः ठीक आहात ना?"

सुनेने तोंड उघडलं.

"तिला काय धाड भरलीये!" सासू डोळे पुसत म्हणाली.

डॉक्टर कौतुकाने हसली. अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हणाली, आणि तिने पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.