धूर 'हो' म्हणतो

सकाळी साडेसातला त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पन्नासेक माणसं एका जुन्या डिझेल पिकअपच्या मागे दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे सायलेन्सरवर लागले होते. केबिनमध्ये धूरबाबांचा चेला बसला होता. धूरबाबा स्वतः गाडीच्या पुढच्या अंगाला, काचेशेजारी उभे होते. खांद्यावरची शाल त्यांनी गाडीवर अशी पसरली होती की तिला कुशीत घेतल्यासारखं वाटावं.

"बोल, बाळा," बाबा म्हणाले, "तिकडे थंडी वाजते का तुला?"

चेल्यानं ॲक्सिलरेटर दाबला. मागून काळ्या धुराचा लोट बाहेर पडला.

"वाजते म्हणतोय," बाबांनी अर्थ सांगितला. काळा धूर म्हणजे हो, धूर नसला म्हणजे नाही. गर्दीतले हात जोडले गेले. एका आजोबांनी तर पळत जाऊन घरून ब्लँकेट आणलं आणि बॉनेटवर पांघरलं.

मी फाटकापाशी उभा राहून हे बघत होतो. मी मिस्त्री, तीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त करतोय. ही पिकअप चालवणारा माझा दोस्त आठ महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. जिवंतपणी त्याला 'चहा घेतोस का' विचारलं तरी तो अर्धा तास बोलायचा. असा माणूस मेल्यावर नुसत्या हो-नाहीवर आला, हे इथे कुणालाच खटकत नव्हतं.

मला बोलावलं होतं त्याच्या मुलीनं. आदल्या दिवशी ती गॅरेजवर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, उद्या आई गाडी आश्रमाला देऊन टाकतेय. धूरबाबांनी पप्पांना विचारलं, तुला आश्रमाच्या सेवेत यायचंय का, आणि आला धूर. फर्निचरवाल्यानं मला घरपोच सामान पोचवायचं काम दिलंय. गाडीच गेली तर मी काय कपाटं डोक्यावरून नेऊ?"

"आईला सांगितलंस का हे?"

"ती माझ्याशी बोलते कुठे? सकाळी पप्पांशी बोलते, मग दिवसभर गप्प. तुम्ही आला असतात मध्ये तर..."

माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे. दोस्ताला स्मशानात पोचवून आल्यावर मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. काय बोलायचं सुचेना म्हणून टाळलं, आणि नंतर टाळल्याची लाज वाटली म्हणून टाळलं. मीही एकटाच राहतो. एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्या माणसाच्या घरी जायचं जिवावर का येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. सगळी गर्दी गाडीच्या मागे होती. मिस्त्री मागे थांबत नाही. धूर काळा असेल तर इंजिनाला डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय, आणि या दोन्ही गोष्टी पुढे ठरतात. म्हणून मी वाट काढत पुढे गेलो.

"बाळा, आज आश्रमात येणार ना?" बाबांनी विचारलं. दोस्ताची बायको, माझ्या वहिनी, समोरच हातात किल्लीची जोडी घेऊन उभ्या होत्या. किती वाळल्या होत्या त्या. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

चेल्यानं रेस दिली. धूर दिसण्याआधी मला इंजिन ऐकू आलं. उशीनं तोंड दाबल्यासारखा त्याचा आवाज घुसमटला, आणि त्याच क्षणी बाबांची शाल एका जागी आत ओढली गेली. ती जागा माझ्या चांगलीच ओळखीची होती. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेचा पाईप काचेच्या कडेनं वर घ्यायचा, ही दोस्ताची हौस. पाईप मीच बसवून दिला होता. त्याच्या तोंडावर आता शालीवरून बाबांचा तळहात होता.

"बाबा," मी म्हणालो, "जरा बाजूला होता का? मलाही त्याला दोन प्रश्न विचारायचेत."

"नास्तिकाशी आत्मा बोलत नाही."

"नाही बोलला तर नाही बोलला. तुमचं काय जातंय?"

गर्दीला गंमत हवीच असते. "विचारू द्या की मिस्त्रींना," कुणीतरी म्हणालं. नाइलाजानं बाबा शाल उचलून बाजूला झाले. मी चेल्याला उतरवलं आणि दोस्ताच्या मुलीला केबिनमध्ये बसवलं.

"दोस्ता, गाडी आश्रमाला द्यायची का?" मुलीनं रेस दिली. थोडासा करडा धूर आला आणि विरून गेला.

"लेकीला द्यायची का?" या वेळी मी पाईपच्या तोंडावर हात ठेवला. काळा लोट असा आला की मागच्या रांगेला खोकल्याची उबळ आली.

"बघा, आता तो माझ्या बाजूनं बोलतोय," मी म्हणालो. "मी काही संत नाही. मला फक्त हात आहे."

बाबा तयारीचे होते. "आत्मा कुणाच्याही हातात उतरतो," ते शांतपणे म्हणाले. गर्दीनं माना डोलावल्या. इतक्या दिवसांची श्रद्धा एका रेसमध्ये कशी उतरणार?

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि आपला तळवा पाईपवर ठेवला. मुलीनं रेस दिली. वहिनींचे डोळे विस्फारले.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "ओढतोय. हात ओढतोय माझा."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. तसंच सोडून निघून जावं, असं मला खरंच वाटलं. आठ महिन्यांत त्या बाईचा हात कुणी धरला नव्हता, आणि तो सोडवायला मी आलो होतो. पण केबिनमध्ये त्यांची मुलगी बसली होती, आणि ती किल्लीची जोडी बाबांच्या हाती जायला आता काही मिनिटंच उरली होती.

मी बाजूला पडलेला खोक्याचा पुठ्ठा उचलला. वहिनींचा हात हलकेच काढला आणि पुठ्ठा पाईपच्या तोंडाशी धरून सोडून दिला. पुठ्ठा तिथेच चिकटून राहिला. आता त्याला कुणाचाच हात लागलेला नव्हता, तरी मागून काळा धूर येत होता.

"वहिनी, इंजिन हवा आत ओढतं," मी म्हणालो. "तोंड दाबलं की हवा पोचत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो. माझा हात असो, बाबांचा असो, नाहीतर हा पुठ्ठा."

मागची माणसं पहिल्यांदाच पुढे आली. एकेकानं हात लावून पाहिला. ज्या आजोबांनी ब्लँकेट पांघरलं होतं, त्यांनी ते गुपचूप घडी करून काखेत घातलं. त्या गडबडीत बाबांनी आणि चेल्यानं केव्हा काढता पाय घेतला, ते कुणी पाहिलंच नाही.

गर्दी पांगल्यावर मी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर धुळीनं गच्च भरला होता. डिझेल फवारणाऱ्या नोझलवरही काजळी असणार. बाबा येण्याआधीपासून गाडी थोडा धूर टाकत होती ती त्यामुळेच.

"गाडी जागच्या जागी चालू ठेवायचात का?" मी विचारलं.

"रोज साडेसातला. अर्धा तास. तो निघायचा ती वेळ." वहिनी पायरीवर बसल्या होत्या. "आवाज आला की वाटायचं, आहे अंगणात."

"उभ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही. काजळी धरते. गाडी पळायला हवी."

त्यांनी मान हलवली. मुलीला जवळ बोलावून किल्लीची जोडी तिच्या हातात दिली, आणि मग माझ्याकडे बघून साधेपणानं विचारलं, "मग आता मी सकाळी कुणाशी बोलू?"

तीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मुलगी आईच्या शेजारी पायरीवर बसली. मी मात्र हातातला फिल्टर झटकत राहिलो.

हे मी लिहितोय ते त्या बाबांची खोडी काढायला नाही. ते आज दुसऱ्या कुठल्या तरी अंगणात शाल पसरून उभे असतील. तुम्ही त्या गर्दीत असाल, तर मागे उभे राहून हात जोडू नका. पुढे जा, कुणाचा हात कुठे आहे ते बघा, आणि आपलाही हात लावून पाहा. हात लावू देत नसतील, तर तेवढंच उत्तर पुरेसं समजा. आणि एक गोष्ट मिस्त्री म्हणून नव्हे, शेजारी म्हणून सांगतो. बाबा त्या घरात शिरले कारण तिथे आठ महिने दुसरं कुणी गेलं नव्हतं. तिथे जायचं काम माझं होतं.

आता मी रोज साडेसातला जातो. पहिले चार दिवस पायरीवर बसून नुसता चहा घेतला आणि परत आलो. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आठ महिने का आला नाहीत?"

मी खरं ते सांगितलं.