येतो म्हणालेला यंत्रमानव

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. यंत्र माझ्यात नावालाच. अंग प्लायवुडचं, टोपी कुकरच्या झाकणाची आणि हात वॉशिंग मशीनच्या नळीचे. एका सुतारमिस्त्रींनी मला मुलांच्या सिनेमासाठी घडवलं. मला आतून चालवायला कुणी मिळेना, म्हणून तेच माझ्या पोटात शिरले. माझा आवाजही त्यांचाच, जरा पडसं झाल्यासारखा.

सिनेमात मी वाट चुकून दोन भावंडांच्या घरी येतो. त्यातल्या धाकटीचं काम करणाऱ्या मुलीला सगळे चिमी म्हणत. चित्रीकरणाच्या मधल्या सुट्टीत ती आपलं अर्धं बिस्किट माझ्या तोंडाच्या फटीत सरकवायची. आत मिस्त्री ते मुकाट्यानं खायचे. बिस्किट रोज संपतं म्हणजे मला भूक लागते, अशी तिची खात्रीच झाली होती.

शेवटच्या प्रसंगात मी निरोप घेतला. "मी जातो."

चिमी रडायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जातो नाही म्हणायचं. येतो म्हण."

"अगं, तो कायमचा चाललाय," दिग्दर्शक म्हणाले. "त्याला काय कळतंय येतो नि जातो?"

"मग शिकवा ना त्याला. नाहीतर परत कसा येईल?"

माझ्या पोटात मिस्त्रींनी नाक ओढलं. "बरं बाई, येतो," मी म्हणालो. सिनेमात तेच राहिलं.

मुलांनी सिनेमा डोक्यावर घेतला. माझा हात हातात घ्यायला रांगा लागायच्या. पुढे नवे सिनेमे आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. उंदरांनी नळ्या कुरतडल्या, त्याचं मला फारसं वाटलं नाही. येतो म्हणून गेलो तो गेलोच, हे मात्र मनाला लागून राहिलं.

एक दिवस गोदाम रिकामं करायचं ठरलं. मला मोडायला मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी एक स्क्रू अर्धा फिरवला आणि हात थांबवला.

"याला भंगारात नको," ते मुकादमाला म्हणाले. "हा येतो म्हणून गेलाय."

चिमीचं घर त्यांना ठाऊक होतं. टेम्पोतून ते मला तिच्या दारात घेऊन गेले. दार उघडलं ते एका मोठ्या बाईनं. मला पाहून तिनं कमरेवर हात ठेवले.

"केवढा उशीर केलास रे," ती म्हणाली आणि आतून बिस्किट घेऊन आली. अर्धं मोडून तिनं माझ्या तोंडात सरकवलं. पण ते खायला पोटात कुणीच नव्हतं. ते खाली घरंगळलं. मिस्त्रींनी हळूच हात पुढे केला.

"म्हणजे तुम्ही खायचात?" तिनं विचारलं आणि उरलेलं अर्धं त्यांना दिलं. तिचे डोळे भरले होते, आणि हसूही आवरत नव्हतं.

मित्रांनो, घरातून निघताना तुम्हीही येतो म्हणता. म्हणालात, तर परत या. दाराआड कुणीतरी ते खरं मानून बसलेलं असतं.