दहा पौंड ढिली

नवऱ्याने सांगितलं होतं अठ्ठावन्न पौंड. तिने मशीनवर ताण लावला अठ्ठेचाळीसचा, आणि मागच्या खोलीत कुणी नसतानाही वळून दाराकडे पाहिलं.

घरात टेनिसच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी विणणं, तीच करायची. मशीन नवऱ्याने हौसेने आणलं, दोन रॅकेटींच्या तारा तोडल्या आणि "हे बायकांच्या बोटांचं काम" म्हणून तिच्या गळ्यात घातलं. तीन वर्षं तारा ओवून, ओढून, गाठी मारून तिचा हात असा बसला की क्लबातले लोक विचारायचे, कुठून करून आणता? नवरा ऐटीत म्हणायचा, "घरचंच आहे."

लेक तेरा वर्षांची. कोर्टाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सुर्रकन पळायची म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. महिनाभर खारू पाण्याचा जग डाव्या हाताने उचलत होती. वेणी घालायला आईपुढे येऊन बसत होती. आईला वाटलं, लाडात आलीय. मग एकदा दाराची कडी काढताना पोरीचा चेहरा दिसला आणि आईने नवऱ्याला बरोबर घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कोपर बाहेरच्या बाजूने जरासं दाबलं, तर खारू टुणकन उडाली.

"तीन आठवडे खेळ बंद," बाई म्हणाल्या. "नंतरही रॅकेटची जाळी ढिली करा, मूठ जाड करा. इतक्या ताठ तारा या वयाला कशाला हव्यात? प्रत्येक फटक्याचा दणका सरळ कोपरात जातो."

नवऱ्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं, आणि येताना तारांत अडकवायचं रबराचं बटण घेऊन आला. "झालं! दणका बंद."

"अहो, त्याने नुसता आवाज बंद होतो. दुखायचं ते दुखतंच."

"तू खेळलीयेस कधी?"

तो खेळला होता. ऐन फायनलला मागून आणलेली ढिली रॅकेट हाती आली आणि तो हरला, ही गोष्ट घरातल्या पालीलाही पाठ होती. जाळी ढिली तर माणूस ढिला, हे त्याचं ब्रह्मवाक्य. त्यात रविवारी संघाची निवड. तीन आठवडे सोडाच, तीन दिवस थांबायला तो तयार नव्हता.

म्हणून तिने दहा पौंड कमी केले. मुठीवर ग्रिपचा एक पदर जास्तीचा गुंडाळला. एरवी तो तारेवर टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखायचा, पण रबराच्या बटणामुळे आता सगळंच भद्द वाजत होतं. त्यानेच आणलेलं बटण तिच्या मदतीला आलं.

पहिल्या दिवशी खारू उड्या मारत घरी आली. "आई, आज फार नाही गं दुखलं!" भाजी चिरता चिरता आईने खाली मान घालून डोळे पुसले.

पण ढिल्या जाळीचा एक गुण तिला ठाऊक नव्हता. तिच्यावरून चेंडू लांब उडतो, आणि हाताला सवय व्हायला दिवस लागतात. खारूचे फटके रेषेच्या हातभर बाहेर पडू लागले.

"मनगट! मनगट कुठे ठेवून आलीस, शाळेत?" बाबा ओरडले, आणि औषध दिलं: रोज दोनशे सर्व्हिस जादा.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. बुधवारी खारूचं कोपर सुजलं. गुरुवारी पेन धरवेना. बोललं तर अठ्ठावन्न, गप्प बसलं तर दोनशे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये पोरीचा हात.

"आई," बर्फ लावताना खारू हळूच म्हणाली, "मला कळलंय. तू ढिली केलीस ना?"

आईने दाराकडे पाहिलं.

"सांगू नकोस हं बाबांना. उगाच भांडण होईल. मी मारीन दोनशे. मोजत गेलं की होतात."

पोरगी आईला सांभाळत होती!

शुक्रवारी ती कोर्टावर गेली. तारेच्या कुंपणात बोटं अडकवून बाहेर उभी राहिली. आत नवरा मोजत होता. "एकशे बारा. एकशे तेरा. खांदा वर!"

खारूने डाव्या हाताने चेंडू उंच फेकला. उजवा हात वर गेलाच नाही. चेंडू खाली आला, टप्पे घेत नेटकडे घरंगळला.

"परत टाकते हं, बाबा," खारू घाईघाईने म्हणाली.

फाटक उघडून आई आत शिरली आणि लेकीच्या हातातून रॅकेट काढून घेतली.

"हिचं मनगट नाही चुकत. जाळी अठ्ठेचाळीसवर आहे. मी केलीय."

नवऱ्याने रबराचं बटण उपटलं आणि तारेवर टिचकी मारली. "म्हणजे मी पाच दिवस... आणि तू गप्प?"

"डॉक्टरीणबाईंचं तुम्ही ऐकलंत? माझं कुठलं ऐकणार होतात?"

"आत्ताच्या आत्ता घरी चल. अठ्ठावन्न करून दे."

"माझ्या हातून होणार नाही."

"मग मी करतो!"

घरी येऊन त्याने जुन्या तारा कचाकचा कापल्या आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. ती बाहेर खारूच्या कोपरावर बर्फ धरून बसली. आत तार धरायचा चिमटा निसटल्याचा आवाज आला. तार सटकली. एक शिवी. पुन्हा तार सटकली.

"आई, बाबांना जमत नाहीये गं. मी सांगू का कसं ओवायचं?" खारू उठू लागली.

"बस."

"अगं," आतून हाक आली, "चौथी तार कुठून घ्यायची?"

तिने बर्फ कोपराच्या दुसऱ्या बाजूला धरला. दुसरी हाक आली, तिच्यात ओरडणं नव्हतं.

"अठ्ठेचाळीस लावा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मग येते. आणि रविवारी ही घरी राहील."

आत अठ्ठावन्नवर लावलेली ताणाची चकती उलटी फिरल्याचा आवाज आला, एका पौंडाला एक टक्. तिने मोजले, सहा झाले आणि आवाज थांबला.

"बावन्न," तो म्हणाला.

बर्फाचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. खारू तिच्याकडे बघत होती. ती जागची हलली नाही.

खूप वेळाने आतून आणखी एक टक् आला.