खुणेची सुई

"अहो, तिसरा चहा निवला. पिता, की ओतून देऊ मोरीत?"

बायकोची हाक ऐकूनही मिस्त्री गॅरेजमधून हलले नाहीत. समोर मुलीनं सहा वर्षं खपून घरीच बांधलेलं दोन माणसांचं विमान उभं होतं. उद्या ते उडायचं होतं आणि उडवणार होती तीच. पंख धडाला धरून ठेवणारे, पत्रा वाकवून केलेले चार कोन मात्र मिस्त्रींच्या हातचे. चाळीस वर्षं पत्र्याच्या पेट्या आणि टाक्या केलेला हात तो.

सकाळी कामाचा जुना डगला धुवायला टाकताना त्याच्या खिशात पत्र्यावर रेघ ओढायची, खुणेची पोलादी सुई सापडली. टोकाला ॲल्युमिनियमचा चकाकता कीस. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता.

मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, इथं खूण पेन्सिलनंच करायची. सुईच्या ओरखड्यावर वाकवलं की तडा तिथूनच जातो."

पेटीला सुई चालते; पेटी आभाळात जात नाही. मग हा कीस कुठला? कोन करताना एकदा पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, एवढं आठवत होतं. पुढं हातानं काय केलं, ते हातालाच ठाऊक.

आता कोनांवर रंगाचे दोन थर. चारही कोन त्यांनी तीनदा चाचपले. फाटक लावून आले, परत उघडून आले. नुसता भास असू दे रे, असं देवाला म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. बघायचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय, आणि आपण ते त्याच्याच गळ्यात घालतोय! पण सांगितलं तर उद्याचं उड्डाण गेलं. आणि या हाताला पोरगी पुन्हा पत्रा देईल?

"पायाला भिंगरी लागलीय का आज?" बायको दारात आली. "विमानाआधी तुम्हीच उडाल!"

तिच्यामागून मुलगी पाना घेऊन आत आली.

"पोरी, पंख उतरव."

"काय?"

मिस्त्रींनी तळहात उघडला. मुलीनं सुईचं टोक निरखलं.

"किती कोनांना?"

"एकाला असेल. चारही असतील. आठवत नाही गं."

तिनं फोन करून उद्या येणाऱ्यांना नको म्हणून सांगितलं आणि पहिल्या बोल्टला पाना लावला.

दुपार पंख उतरवण्यात गेली. रंग खरवडून तिनं कोन भिंगाखाली धरले. तीन स्वच्छ निघाले. चौथ्यावर, वाकाच्या बाहेरच्या अंगाला, केसाएवढी रेघ.

"सरळ तरी आहे," मिस्त्री म्हणाले. कुणी हसलं नाही.

रेघ किती खोल गेलीय ते बघायला त्यांनी तो कोन व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि सरळ करायला दाबला. एकदा. दुसऱ्यांदा कट्‌ असा आवाज झाला आणि अर्धा तुकडा हातात आला. मुलीनं तो घेऊन पाहिला; तडा रेघेवरूनच गेला होता. बायकोनं पदर तोंडाशी नेला.

मग मुलीनं नवा पत्रा टेबलावर ठेवला. मिस्त्री आपण होऊन बाजूला सरले.

"कुठं निघालात? खूण कोण करणार?" तिनं पेन्सिलीला टोक काढून ती त्यांच्यापुढं धरली.

"हात पुन्हा चुकेल गं."

"मग सावकाश करा. मी थांबते."

पहिली रेघ तिरकी गेली. मिस्त्रींनी ती ओल्या अंगठ्यानं पुसली. दुसरीही पुसली. मुलगी वाकवायच्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. मिस्त्रींनी पट्टी पुन्हा लावली, पेन्सिल टेकवली. दाराशी चौथा चहा निवत होता, आणि या वेळी बायकोनं हाक मारली नाही.